इंजिन तापले, दोष कोणाचा?



घाटंजीकडे विहिरीवरचे डिझेल इंजिन बसले की दुसरे जुने आणून चढवतात. नवे परवडत नाही. चार दिवसांत तेही तापते आणि शिव्या खाते इंजिन. माझे म्हणणे, आधी नळी पाहा.

टाकीच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात गरम पाणी आपोआप वर चढते, थंड पाणी खालून आत येते. बदललेल्या इंजिनाचे तोंड दुसऱ्या बाजूला आले की जुनीच नळी वाकवून जोडली जाते. नळीला उंटाची पाठ आली की तिथे हवा कोंडते, पाणी फिरत नाही. टाकी थंड, हेड मात्र जळते. घाबरून वर गार पाणी ओतले, की हेडला तडा!

नळी टाकीपर्यंत चढतीच हवी, तिचे तोंड पाण्याखाली हवे. तासभर पंप ओढून दाखवल्याशिवाय मिस्त्रीला पूर्ण मजुरी देऊ नका. यात लाज कसली? आपला कापूस घेताना ओल आणि कवडी दाखवून भाव पाडतात. मग पैसा आपण मोजतो, तेव्हा माल आणि काम आपण का तपासू नये? फुटलेल्या हेडचा खर्च कपाशीच्या भावात कोणी भरून देत नाही.