जुनी गाडी थरथरते? आधी बोल्ट बघा

बाबांची जुनी स्प्लेंडर आता कॉलेजला किंवा कंपनीत नेणारे आपल्यात बरेच आहेत. नरोलीच्या रस्त्यावर डीएन-०९ नंबरच्या अशा गाड्या पहिल्या पाळीला अजून दिसतात. तक्रार एकच: पन्नासच्या पुढे गेलं की हाताला मुंग्या येतात. गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं: "इंजिन खोलावं लागेल." लगेच हो म्हणू नका.

९७.२ सीसी, एकच पिस्टन. थोडी थरथर असणारच. (बुलेटवाल्यांना हे सांगायला नको.) पण ती अचानक वाढली, तर आधी गाडी मेन स्टँडवर घ्या आणि न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस करा. तिथेच थरथरली तर इंजिन किंवा त्याची पकड. उभी असताना शांत, पण चालताना धडधडते? मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना क्लच दाबा. धडधड तशीच राहिली तर इंजिनाला दोष देऊ नका. टायर, आरे, चाकाचं बेअरिंग तपासा.

इंजिनावर संशय आला तरी सुरुवात फाउंडेशन बोल्टपासून. खड्ड्यांतून पावसाळा काढला की ते ढिले होतात. इंजिन गार असताना आवळा, पण पान्यावर उभं राहून नव्हे. आटे गेले की नवी डोकेदुखी. सायलेन्सरचा बोल्टही बघा, तो हमखास विसरला जातो. ढिल्या बोल्टवर महिनोन्‌महिने गाडी चालवली तर चासीच्या ब्रॅकेटला चीर पडू शकते.

सगळं आवळूनही खालून जड ठकठक येत असेल, तर क्रँकचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. मग मात्र इंजिन खोलूनच घ्या.