रविवार भिजत घाला!

रविवारी सकाळी घरात चार माणसं जमली, की स्वयंपाकघरातून एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘तुम्ही करा रे सुरुवात, माझं होतंच आलंय!’ आणि हे ‘होतंच आलंय’ काही केल्या होत नाही. थालीपीठ असो, घावन असो, डोसा असो, नाहीतर साधं ऑम्लेट. आपल्या नाश्त्याचा फंडाच असा, की तो तव्यावरून थेट ताटलीत पडायला हवा. खाणाऱ्यांसाठी एकदम सही! पण तव्यापाशी जो उभा आहे, त्याचं काय? त्याचं, आणि बहुतेक घरांत ‘तिचं’, ताट सगळ्यात शेवटी वाढलं जातं. तोवर चटणी संपलेली असते आणि गप्पांमधला खरा मसालेदार किस्साही सांगून झालेला असतो.

आपला लाडका फ्रेंच टोस्टही यातलाच. चार माणसं, माणशी दोन स्लाइस, तव्यावर एका वेळी मावतात दोन. म्हणजे झाले चार घाणे. पहिल्या घाण्यावाला दुसरा चहा मागतो, तेव्हा चौथा घाणा तव्यावर पडत असतो.

अमेरिकेतल्या घरांनी यावर एक भन्नाट उपाय शोधलाय. टोस्ट तळायचाच नाही, भाजायचा! पावाचे तुकडे एका खोलगट बेकिंग डिशमध्ये रचायचे, त्यावर अंडी-दुधाचं मिश्रण ओतायचं, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी अख्खी डिश ओव्हनमध्ये सरकवायची. बेक्ड फ्रेंच टोस्ट कॅसरोल हे त्याचं भारदस्त नाव. तिकडे ख्रिसमसच्या सकाळचा हा पेटंट नाश्ता. आदल्या रात्री डिश भरून ठेवायची, सकाळी पोरं गिफ्ट्स उघडत बसली की ओव्हन सुरू. कागद फाडून होईपर्यंत घरभर दालचिनीचा वास आणि गिफ्ट्स बघायला आईबाबा दोघंही हजर.

माझ्या मते या पदार्थाची खरी गंमत चवीत नाही, या हजेरीत आहे.

हरवलेला पाव

कल्पना तशी जुनीच. रोमन काळातल्या आपिसियसच्या नावावर असलेल्या पाककृतींच्या संग्रहात पाव दुधात भिजवून, तळून, वर मध घालून खायची कृती आहे. फ्रेंच लोक याला ‘पॅं पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला, हरवलेला पाव. जर्मन भाषेत हाच पदार्थ ‘गरीब सरदार’ होतो. स्पेनमध्ये ईस्टरआधीच्या आठवड्यात ‘तोरिहास’ होतात, पोर्तुगालमध्ये ख्रिसमसला ‘राबानादास’. हैदराबादचा डबल का मीठा आणि आपल्या लग्नांच्या बुफेतला शाही तुकडा हे याच खानदानातले, फक्त अंडं न खाणारे.

नावं निरनिराळी, पण भानगड एकच. काल उरलेलं आज फेकवत नाही! आपल्याला हे कुणी शिकवायला नको. रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू. मराठी घरातला हरवलेला पाव म्हणजे ही शिळी पोळी.

आधी वाळवा, मग भिजवा

आता थोडं सायन्स. कारण या पदार्थाचा लगदा झाला, तर तो इथेच होतो.

पाव शिळा हवा, असं सगळे सांगतात. पण शिळा आणि सुका यात फरक आहे. शिळा पाव कडक लागतो, तो फक्त पाणी उडाल्यामुळे नव्हे. त्यातल्या स्टार्चची रचना बदलते, म्हणून. गरम केला की तो पुन्हा मऊ पडतो. कालचा पाव शेकल्यावर ताजा वाटतो, त्याचं कारण हेच. सुकवलेल्या पावातून मात्र पाणी खरोखर बाहेर गेलेलं असतं आणि तिथे अंडी-दूध शिरायला जागा झालेली असते. म्हणून पावाचे तुकडे करून ओव्हनमध्ये दीडशे डिग्रीवर दहा-बारा मिनिटं सुकवून घ्या. रंग नाही आला तरी चालेल, हाताला कोरडे लागले पाहिजेत. उन्हाळ्यात पंख्याखाली तीन-चार तास पसरून ठेवले तरी भागतं. मुंबईच्या पावसाळ्यात पंख्याच्या भरवशावर राहू नका.

पाव कुठला? अमेरिकेत ब्रिओश किंवा ज्यूंचा हाला वापरतात, दोन्ही अंड्याचे, घट्ट विणीचे. आपल्याकडे मोठ्या बेकऱ्यांत ब्रिओश मिळतो. पण खरं सांगू? कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या लादीपावाने काम झकास होतं. ब्रून मिळाला तर अजून मजा, त्याचं जाड कवच भिजूनही आपला हेका सोडत नाही. पातळ स्लाइसचा सॅण्डविच ब्रेड मात्र टाळा. सकाळपर्यंत त्याची खीर होते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. अंडी कमी पडली तर मधला भाग पाणचट राहतो, जास्त झाली तर नाश्त्याला अंडाभुर्जीचा वास येतो. अर्ध्या लिटर दूध-क्रीमला पाच अंडी, हे गणित माझ्या ओव्हनमध्ये पक्कं बसलंय. तिसरी गोष्ट कुरकुरीत थराची. तो रात्री घालायचा नाही! लोणी, पीठ, गूळ यांचा चुरा रात्रभर ओल्या पावावर बसला, की विरघळून जातो. तो वेगळ्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा आणि ओव्हनमध्ये जाताना भुरभुरवा.

आणि हो, कच्च्या अंड्यांचं मिश्रण आहे. ‘रात्री थंडच असतं’ म्हणून ओट्यावर ठेवू नका. डिश भरली की थेट फ्रिजमध्ये.

साहित्य (चौघांसाठी)

लादीपाव 8 (साधारण 300 ग्रॅम), अंडी 5, दूध 400 मिलि, फ्रेश क्रीम 100 मिलि, साखर 4 मोठे चमचे, वेलची पूड अर्धा चमचा, जायफळ चिमूटभर, मीठ चिमूटभर, डिशला लावायला लोणी.

वरच्या थरासाठी: मैदा किंवा कणीक 4 मोठे चमचे, गूळ पावडर 3 मोठे चमचे, थंड लोणी 2 मोठे चमचे, बदामाचे काप मूठभर.

कृती

रात्री: पावाचे इंचभर मोठे तुकडे हाताने तोडा आणि सुकवून गार करा. आठ इंची चौकोनी काचेच्या डिशला लोणी लावून त्यात पसरा. अंडी, साखर, मीठ, वेलची आणि जायफळ एकत्र फेटा, दूध-क्रीम घाला, पुन्हा फेटा. हे पावावर सावकाश ओता आणि चमच्याने हलकेच दाबा, म्हणजे वरचे तुकडेही भिजतील. झाकून फ्रिजमध्ये. वरच्या थराचं साहित्य बोटांनी चुरून डबीत भरा, तीही फ्रिजमध्ये.

सकाळी: डिश बाहेर काढून वीसेक मिनिटं ओट्यावर राहू द्या. फ्रिजमधली गारढोण काच तापलेल्या ओव्हनमध्ये घातली तर तडकू शकते. तोवर ओटीजी 180 डिग्रीवर, खालची-वरची दोन्ही कॉइल लावून तापवा. डबीतला चुरा वर पसरा, फॉइलने झाका आणि 25 मिनिटं भाजा. मग फॉइल काढून आणखी 15 ते 25 मिनिटं. वरचा रंग सोनेरी आला, मध्यभाग फुगला आणि तिथे खुपसलेली सुरी ओल्या मिश्रणाशिवाय बाहेर आली, की झालं. दहा मिनिटं थांबून मग कापा.

मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल, तर कन्व्हेक्शन मोडवरच. साध्या मोडवर शिजेल, पण वर कुरकुरीत काहीच होणार नाही. अंडं न खाणाऱ्यांनी पाच अंड्यांऐवजी तीन मोठे चमचे कस्टर्ड पावडर घालून दूध आधी पातळसर शिजवून घ्यावं, गार करून पावावर ओतावं. मग ते शाही तुकड्याच्या जवळ जातं, पण तक्रार कोण करणार? गोड नको असेल तर साखर, वेलची, गूळ सगळं काढा आणि चीज, परतलेला कांदा, सिमला मिरची, हिरवी मिरची घाला. याला इंग्रजीत ‘स्ट्राटा’ म्हणतात, म्हणजे थर. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या फोडी भाजल्यानंतर वरून घाला. आत घातल्या तर त्यांचा रस सुटून सगळं ओलं होतं.

मग कोण कुठे बसलं?

मध्यंतरी आईबाबा नाशिकहून पुण्याला माझ्या फ्लॅटवर राहायला आले होते, तेव्हा मी हेच केलं. आई सवयीने सहाला उठून स्वयंपाकघरात गेली. कांदा चिरलेला नाही, पोहे भिजवलेले नाहीत. तिने फ्रिज उघडून डिशकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘मग मी काय करू?’ ‘काही नाही, बस,’ म्हटल्यावर ती खरंच गोंधळली. दोनदा ओटा पुसून झाला. मग बाल्कनीत जाऊन बाबांच्या शेजारी बसली. आठला ओव्हन लागला आणि नऊला आम्ही तिघं एकदम टेबलावर. बाबांनी शेवटचा घास संपवून अपेक्षेप्रमाणे विचारलं, ‘छान आहे. आता पोहे कधी?’ आईने मात्र कोपऱ्यातला, सगळ्यात खरपूस तुकडा आपणहून उचलला. घरातला चांगला तुकडा आधी तिने घेतलेला मी पाहिला नव्हता.

लगेच ‘परदेशी पदार्थाने क्रांती केली’ वगैरे डायलॉग मारायची गरज नाही. आपल्याकडेही रात्री डाळ-तांदूळ भिजतात, पीठ आंबतं. पण शेवटचा टप्पा पुन्हा तव्यापाशी येतो आणि तिथे एकच माणूस उभा राहू शकतो. ओव्हनला असा माणूस लागत नाही. शिवाय रात्रीच्या कामाला कितीही हात चालतात. टीव्ही बघता बघता एकाने पाव तोडायचे, दुसऱ्याने अंडी फेटायची, तिसऱ्याने वेलची सोलायची. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ आहे. तेव्हा प्लीज, हे रात्रीचं कामही त्याच एका व्यक्तीच्या गळ्यात मारू नका. नाहीतर तिची सकाळ वाचवायला तिची रात्र खर्च केली, एवढंच होईल.

थालीपीठं बंद करा, असंही मी म्हणत नाही. लोण्याचा गोळा वितळणारं थालीपीठ ओव्हनमधून येणार नाही, ते तव्यावरचंच हवं. पण घरात पाहुणे आहेत, मित्र खूप दिवसांनी भेटताहेत, कुणी दुपारच्या गाडीने परत जाणार आहे, अशा रविवारी प्रश्न गरमागरम काय खायचं हा नसतो. सोबत कोण कोण बसणार, हा असतो.

आता एक कटू सत्य. डिशच्या कडांना गूळ आणि अंडं असं काही चिकटतं की विचारू नका. गरम पाणी आणि साबण घालून तीही तासभर भिजत घाला. घासायची कुणी? नियम सोपा आहे: कोपऱ्यातला खरपूस तुकडा ज्याने पळवला, त्याने. आई सोडून!