पाच इंजिनांची उघडी बोट की समुद्रावरचा फ्लॅट? आउटबोर्ड सेंटर कन्सोल विरुद्ध स्पोर्टफिशिंग यॉट

इन्स्टा किंवा यूट्यूबवर हे रील तुमच्यासमोर कधी ना कधी आलंच असेल. मायामीजवळ हॉलओव्हर इनलेट नावाची समुद्रात जायची अरुंद वाट आहे. तिथे एक उघडी, लांबुळकी बोट लाटेवरून अख्खी हवेत जाते, धाडकन खाली आपटते आणि पुढे निघून जाते. मागे एका रांगेत चार-पाच इंजिनं लटकलेली. कमेंट पण ठरलेली असते, "भावा, एवढी इंजिनं कशाला?"

मलाही हाच प्रश्न पडायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी चार महिने न्यू जर्सीत होतो, तेव्हा टीममधला एक सीनियर मला त्याच्या बोटीवर ट्यूना पकडायला घेऊन गेला. बोट ३८ फुटी, मागे तीन इंजिनं. पहाटे चारला निघालो आणि हडसन कॅन्यनपर्यंतचं सत्तर-ऐंशी मैलांचं अंतर दोन तासांत कापलं. जाम भारी वाटलं. दुपारी वारा फिरला, लाटा वाढल्या आणि परतायला पाच तास लागले. डोक्यावर फक्त एक छप्पर, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि प्रत्येक लाटेला मणक्यात कळ. आमच्या बाजूने एक मोठी, दुमजली पांढरी यॉट शांतपणे पुढे गेली. काचेच्या आत एक माणूस सोफ्यावर झोपलेला दिसला.

त्या दिवशी या दोन बोटींमधला फरक अंगाला कळला. त्यामागचं इंजिनीअरिंग नंतर वाचून काढलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेली काही वर्षं या दोन डिझाइन्सची जोरदार टक्कर चालू आहे. ती का, आणि त्याची किंमत कोण मोजतंय, ते बघू.

आधी दोन्ही बोटी ओळखून घेऊ

सेंटर कन्सोल म्हणजे स्टिअरिंग, स्क्रीन, सगळे कंट्रोल बोटीच्या मधोमध एका उभ्या खोक्यात. चारी बाजूंनी मोकळा डेक, त्यामुळे मासा कुठल्याही बाजूला पळाला तरी गळ हातात धरून त्याच्या मागे फिरता येतं. इंजिनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला बाहेरून लावलेली. ती पेट्रोलवर चालतात.

स्पोर्टफिशिंग यॉट हे वेगळं प्रकरण आहे. पुढची नाळ उंच, मध्ये केबिन, त्यात बेडरूम, किचन, बाथरूम, एसी. वर उघडा मजला, जिथून कॅप्टन बोट चालवतो. मागे पाण्याच्या जवळ बसका डेक, तिथे मासा ओढायची खास खुर्ची. इंजिनं दोन, डिझेलची, पोटात बसवलेली. याला इनबोर्ड म्हणतात.

कोकणात वाढलेल्यांना हा फरक नवा नाही. छोट्या फायबर होडीला मागे लावलेलं इंजिन आणि ट्रॉलरच्या पोटातलं डिझेल इंजिन, तत्त्व तेच. फक्त कोकणातल्या होडीचं इंजिन साधारण दहा हॉर्सपॉवरचं, आणि आपण बोलतोय त्यातलं एकेक ४०० ते ६०० चं.

यॉटचा इतिहास जुना आहे. १९६० मध्ये अमेरिकेत हॅटरस कंपनीने ४१ फुटी फायबरग्लासची स्पोर्टफिशिंग बोट आणली. त्याच वर्षी मायामी ते नासाऊ शर्यतीत खोल 'व्ही' आकाराच्या तळाची बर्ट्राम खवळलेल्या समुद्रातून पहिली आली. तळ व्ही आकाराचा असला की तो लाटेवर आपटत नाही, तिला कापतो. आज दोन्ही प्रकारच्या बोटी याच कल्पनेवर उभ्या आहेत.

इंजिन वाढत गेलं

मोठी बोट म्हणजे डिझेल इनबोर्ड, हे समीकरण बरीच वर्षं पक्कं होतं, कारण आउटबोर्डमध्ये तेवढा दमच नव्हता. तो कसा आला बघा:

- २००४: मर्क्युरीचं सुपरचार्ज्ड, सहा सिलिंडरचं व्हेराडो.
- २००७: यामाहाचं ३५० हॉर्सपॉवरचं व्ही-८.
- २०११: सेव्हन मरीनचं ५५७ हॉर्सपॉवरचं इंजिन. मूळ इंजिन जनरल मोटर्सच्या कारचं. पुढे व्होल्व्हो पेंटाने ही कंपनी घेतली आणि काही वर्षांत ते उत्पादन बंद केलं.
- २०१८: यामाहाचं ४२५ हॉर्सपॉवरचं, मोठ्या बोटींसाठीच बनवलेलं.
- २०२१: मर्क्युरीचं ६०० हॉर्सपॉवरचं व्ही-१२. ७.६ लिटर, दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

शेवटच्या इंजिनाची गंमत म्हणजे वळताना ते अख्खं वळत नाही. वरचा भाग स्थिर राहतो आणि पाण्यातला पंख्याचा भाग तेवढा फिरतो. त्यामुळे इंजिनं एकमेकांना खेटून लावता येतात. मग बोटबिल्डर थांबतात कशाला! ६५ फुटांच्या पुढच्या सेंटर कन्सोल आल्या, पाच-पाच इंजिनांच्या. आत बेडरूम, किचन, एसी. नाव अजून 'उघडी बोट', पण भाव यॉटचा.

खरी जादू सॉफ्टवेअरची

माझ्यातल्या कोडरला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा. पाच इंजिनं म्हणजे पाच थ्रॉटल, पाच गिअर, पाच स्टिअरिंग अँगल. माणसाच्या हाताने हे जमणंच शक्य नाही. म्हणून सगळं ड्राइव्ह-बाय-वायर झालं. हँडलपासून इंजिनापर्यंत केबल ओढली जात नाही, डेटा जातो. बोटीतल्या उपकरणांचं एनएमईए २००० हे नेटवर्क कारमधल्या कॅन बसवरच आधारलेलं आहे.

यातूनच जॉयस्टिक आली. जेट्टीला लावताना बोट आडवी सरकवायची आहे? जॉयस्टिक आडवी ढकला. कॉम्प्युटर एका बाजूची इंजिनं पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे चालवतो, प्रत्येकाचा कोन असा ठरवतो की पुढे-मागे जाणारा जोर एकमेकांना खाऊन टाकतो आणि उरतो तो फक्त आडवा. अकरावीतली व्हेक्टरची बेरीज, बस. समुद्रात एका जागी उभं राहायचं असेल तर जीपीएस आणि कंपास बघून सिस्टीम सतत छोटे-छोटे धक्के देत राहते. आमच्या भाषेत, फीडबॅक लूप.

तिसरी गोष्ट जायरो स्टॅबिलायझर. जड चाक निर्वात गोळ्यात मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरतं आणि बोटीचं डोलणं कमी करतं. आधी हे मोठ्या यॉटमध्ये असायचं, आता छोट्या बोटींतही बसतं. म्हणजे यॉटचा एक मोठा फायदा सेंटर कन्सोलने उचलला.

आणि रिडंडन्सी. दोनपैकी एक इंजिन गेलं तर अर्धी ताकद गेली. चारपैकी एक गेलं तर पाऊण शिल्लक. सर्व्हरच्या दुनियेत आपण हेच करतो.

मग फिजिक्स आडवं येतं

*वजन.* मर्क्युरीचं व्ही-१२ साधारण ५७० किलोचं आहे. अशी पाच म्हणजे जवळपास २,८५० किलो, तीन स्विफ्ट गाड्यांइतकं वजन बोटीच्या अगदी टोकाला लटकलेलं. यॉटची इंजिनं त्याहून जड असतात, पण ती पोटात खाली असल्यामुळे तोल सांभाळायला उलट मदतच करतात.

*इंधन.* बोटवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे. फुल थ्रॉटलला पेट्रोल आउटबोर्ड हॉर्सपॉवरच्या दहा टक्के गॅलन दर तासाला पितं, डिझेल पाच टक्के. म्हणजे ३,००० हॉर्सपॉवरची पाच आउटबोर्ड तासाला ३०० गॅलन, सुमारे १,१३५ लिटर पितात. बाईकची १२ लिटरची टाकी ४० सेकंदांत खलास! याउलट ४,००० हॉर्सपॉवरची डिझेल जोडी तासाला २०० गॅलन, सुमारे ७६० लिटर. ताकद जास्त, तेल कमी. डिझेल इंजिन जास्त कॉम्प्रेशनवर चालतं आणि एका लिटरमध्ये डिझेलची ऊर्जाही जास्त असते. वेगात मात्र सेंटर कन्सोल पुढे, कारण ती खूप हलकी. ती ५०-५५ नॉट सहज गाठते, यॉट ४० च्या आसपास थांबते. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर.

*सुरक्षितता.* पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. डिझेलला त्यासाठी साधारण ५० अंशांच्या वर तापावं लागतं. त्यामुळे बंद पोटात डिझेल इंजिन आणि उघड्यावर पेट्रोल इंजिन, ही वाटणी शहाणपणाची आहे.

*मासा.* मोठा मार्लिन लागला की यॉट वेगाने उलटी, मागे मागे जात त्याचा पाठलाग करते. मागचा डेक मोकळा असल्याने दोरी कुठे अडकत नाही. आउटबोर्ड बोटीत मागे इंजिनांची भिंत. दोरी पंख्याला घासली की तुटलीच. म्हणून ते नाळेवरून लढतात आणि बोट पुढे पळवतात.

*दुरुस्ती.* इथे आउटबोर्ड जिंकतं. क्रेनने जुनं उचला, नवं लावा. डिझेल इंजिन बदलायचं तर केबिनची जमीन उघडावी लागते. पण डिझेल टिकतंही जास्त. आणि अनेक आउटबोर्डना दर १०० तासांनी सर्व्हिसिंग लागतं, तेही प्रत्येक इंजिनाला. सर्व्हर वाढले की मेंटेनन्स वाढतो, हे कुणी मला सांगायला नको.

जुन्या खेळाडूने काय केलं?

न्यू जर्सीतली वायकिंग ही १९६४ पासूनची कंपनी, स्पोर्टफिशिंग यॉटमधलं मोठं नाव. २०१९-२० च्या सुमारास तिने व्हल्हाला नावाने आउटबोर्ड सेंटर कन्सोलची वेगळी शाखाच उघडली. यॉट बंद केल्या नाहीत, त्या उलट मोठ्या होत गेल्या. म्हणजे बाजार मधून फाटला. पूर्वी ४० ते ४५ फुटी इनबोर्ड यॉट घेणारा माणूस आता आउटबोर्ड घेतो, आणि खरी यॉट ५०-६० फुटांच्या वर सरकली. फोनमध्ये आपण हे पाहिलंय. मोठ्या स्क्रीनच्या फोनने छोटे टॅबलेट खाल्ले, लॅपटॉप खाल्ला नाही.

घाई कशासाठी, तर वेळेसाठी आणि पैशासाठी. मेरीलँडमधली व्हाइट मार्लिन ओपन ही स्पर्धा १९७४ पासून चालू आहे. २०२३ मध्ये तिथल्या बक्षिसांची एकूण रक्कम १ कोटी डॉलरच्या पुढे गेली. जो आधी पोचतो, त्याचे गळ जास्त वेळ पाण्यात.

वेगाचं बिल कुणाच्या नावावर?

आता ती गोष्ट जी रीलमध्ये दिसत नाही. याच किनाऱ्यावर नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल राहतो. जगात साधारण ३७० उरलेत. तो हळू पोहतो, पाण्याच्या वरच्या थरात राहतो, आणि पाठीवर उभा पर नसल्याने लांबून दिसत नाही. २००८ पासून अमेरिकेत नियम आहे की ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत ६५ फूट आणि त्याहून लांब बोटींनी १० नॉटच्या वर जायचं नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनजवळ एका स्पोर्टफिशिंग बोटीने या व्हेलच्या पिल्लाला धडक दिली. पिल्लू मेलं, आई जखमी झाली, आणि बोटीत एवढं पाणी शिरलं की बुडू नये म्हणून ती उथळ जागी चढवावी लागली. बोट होती ५४ फुटी. म्हणजे नियमाच्या बाहेर.

२०२२ मध्ये हा नियम ३५ फुटांपर्यंतच्या बोटींना लावायचा आणि क्षेत्र वाढवायचं असा प्रस्ताव आला. बोट उद्योग आणि मासेमारीवाल्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचंही एक गणित आहे: ८० सागरी मैल ४० नॉटने गेलं तर दोन तास, १० नॉटने आठ. वाटेतला निम्मा पट्टा जरी हळू जावं लागलं तरी एका दिवसाची ट्रिप संपली, आणि त्यावर पोट असलेले चार्टर कॅप्टनही. जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला.

या मुद्द्यावर मला दोन्ही बोटी एकाच बाजूला उभ्या दिसतात. यॉट जड, सेंटर कन्सोल वेगवान, आणि पिल्लासाठी फरक शून्य. सोनार, थर्मल कॅमेरा, अलर्ट देणारी अ‍ॅप्स आहेत, पण ५० नॉटला बोट सेकंदाला २५ मीटरहून जास्त जाते. अलर्ट वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. पार्किंगसाठी पाच इंजिनं मिलिसेकंदांत सांभाळणारं सॉफ्टवेअर आपण लिहिलं. व्हेल असलेल्या भागात शिरताच आपोआप वेग उतरवणारं लिहिणं त्याहून अवघड नाही. जीपीएस बोटीत आहे, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. ते लिहिण्याची मागणी कुणी केली नाही, एवढंच.

मग बरी कोणती?

माझं मत: ४५ फुटांच्या आत आउटबोर्ड सेंटर कन्सोल सरळ जिंकली. वेग, साधी दुरुस्ती, जॉयस्टिक, सगळं तिच्याकडे. लांब जायचं, रात्र समुद्रात काढायची, मोठा मार्लिन लढवायचा, तर डिझेल यॉटला पर्याय नाही. आणि ६५ फुटांची पाच इंजिनांची सेंटर कन्सोल? ती म्हणजे २०० मेगापिक्सेलचा फोन. आकडा दाखवायला छान, पण जे हलकेपण आणि साधेपण हिची ताकद होतं, तेच तिने घालवलंय.

पुढच्या वेळी ते रील आलं की इंजिनं मोजू नका. बोट किती लांब आहे, किनाऱ्यापासून किती दूर जाणार आहे आणि परतताना वारा फिरला तर आतल्या माणसाचं काय होईल, ते बघा. माझी पाठ त्या ट्रिपनंतर आठवडाभर दुखत होती. ट्यूना मात्र मिळाला होता. एकच, आणि तोही छोटा.