गाव स्वस्त नाही, गावाला स्वस्तात काढलंय

सध्या एक नवीन टूम निघालीय. लॅपटॉप उचला, गावाकडं चला. भाडं नाही, ट्रॅफिक नाही, हवा स्वच्छ, खर्च निम्मा. पुण्या-बेंगळुरात बसून असले रील बघणाऱ्यांना आमचा खानापूर तालुका फार आवडायला लागलाय. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, कौलारू घर, मागं काजू, पुढं व्हरांड्यात टेबल-खुर्ची.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पुण्यातलं भाड्याचं घर सोडून इथं आमच्या गावी आलोय. कंपनीचं काम इथूनच करतो. त्यामुळं बाहेर उभा राहून दगड मारतोय असं कुणी समजू नये. पण "स्वस्त गाव" हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

गाव स्वस्त का, ते आधी बघा. पुण्यात दोन खोल्यांना मी महिन्याला 19 हजार मोजत होतो. त्यात हाकेच्या अंतरावरचा दवाखाना, दर दहा मिनिटांची बस आणि न जाणारी वीज ह्यांचीही किंमत होती. गावात हे काही नाही, म्हणून भाडं नाही. रात्री बाळंतीण अडली तर आधी खानापूर, तिथनं बेळगाव. पावसात तार तुटली की दोन-दोन दिवस अंधार. माझी मीटिंग हुकते, पण पगार बुडत नाही. गिरणीवाल्याचा मात्र दिवस बुडतो. आपण ज्याला बचत म्हणतो, ती गावानं सोसलेल्या उपेक्षेतनं आलेली आहे.

आता जमिनीकडं या. 2020 मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब ही कलमं काढून टाकली. तोवर शेतकरी नसलेल्याला इथं शेतजमीन घेता येत नव्हती, आता येते. महाराष्ट्रात आजही सर्वसाधारणपणे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. गोव्यानं 2023 मध्ये भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर कायद्यानंच बंधन घातलं. म्हणजे तीन राज्यांच्या ह्या कोपऱ्यात सगळ्यात उघडं दार आमचं. पगारदाराला जो भाव किरकोळ वाटतो, तो शेजारच्या शेतकऱ्याच्या पोराला जन्मात परवडत नाही. एकानं चढ्या भावानं घेतली की साऱ्या शिवाराचा भाव तोच होतो. भाताचं शेत कुंपणात जातं, गुरांची वाट बंद होते, आणि मालक वर्षातनं वीस दिवस उगवतो.

आणि विरोधाभास बघा. ह्याच तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीसारख्या गावांना कुटुंबामागं 15 लाख रुपये देऊन बाहेर हलवण्याची योजना आहे. पिढ्यान्‌पिढ्या सोयी मिळाल्या नाहीत की माणूस असल्या योजनेला हो म्हणतोच. जंगलात जन्मलेला बाहेर, जंगल बघायला आलेला आत. दोघांनाही आपण "स्थलांतर" हाच शब्द वापरतो.

मग कुणी येऊच नये काय? या की! विशेषतः आपली पोरं तर आलीच पाहिजेत. मी आलो तेव्हा गल्लीतल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय गा, नोकरी गेली काय?" शिकला तो बाहेर जाणार आणि राहिला तो नापास, असं आपणच पोरांच्या मनात भरलंय. गावं रिकामी झाली, त्यात सरकारचा वाटा आहेच, पण आपल्याही ह्या समजुतीचा आहे. 2020 च्या लॉकडाऊननं दाखवून दिलं की कॉम्प्युटरवरचं काम कुठूनही होतं. ही संधी आपल्यासारख्या भागाला परत परत मिळणार नाही.

पण यायचं तर गावकरी म्हणून या, पाहुणे म्हणून नको.

पहिली गोष्ट शाळा. गावात राहायचं, पोरांना मात्र पिवळ्या बसनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडायचं, आणि मराठी शाळा बंद पडली की संतापाची पोस्ट टाकायची, हे ढोंग आहे. घटनेचं कलम 350अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं. पटावर नावंच नसतील तर ती सोय कुणासाठी मागायची? माझी मुलगी गावच्या मराठी शाळेत दुसरीला आहे. वर्गात अकरा जण आहेत. तिथं एक नाव वाढलं काय नि कमी झालं काय, लगेच फरक पडतो.

दुसरी गोष्ट मत. आधार पुण्याचं, मत पुण्यात आणि तक्रार गावाच्या रस्त्याची, हे चालणार नाही. फॉर्म 8 भरा, नाव इथल्या यादीत आणा. कर्नाटकात साधारण 400 लोकसंख्येमागं ग्रामपंचायतीचा एक सदस्य असतो. तिथं वीस-पंचवीस मतं निकाल फिरवतात. ग्रामसभेला बसा, खर्चाचा हिशेब विचारा. एक्सेल येतं ना? मग ते गावाच्या कामाला लावा.

तिसरी गोष्ट भाषा. बाहेरून येणाऱ्या अमराठी माणसानं शेजाऱ्याशी बोलण्यापुरती मराठी शिकावी, ही काही मोठी मागणी नव्हे. मी स्वतः कानडी वाचायला शिकलोय, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण माझ्या आजीला तिच्याच जमिनीचा उतारा दुसऱ्याकडनं वाचून घ्यावा लागतो, हे मला मान्य नाही. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असलेल्या भागात महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं देशपातळीवरचं धोरण सांगतं. ते अर्ज लिहायला, पाठपुरावा करायला गावात लिहिता-वाचता माणूस लागतो. तो माणूस तुम्ही व्हा.

आणि शेवटचं, जे आधीपासून गावात आहेत त्यांच्यासाठी. एजंट दारात आला तर सही करण्याआधी भाऊबंदांना विचारा, बाहेर गेलेल्या आपल्या पोरांना फोन लावा. आज कळपट्टीनं विकलेली जमीन उद्या नातवाला गुंठ्यानंही परत घेता येणार नाही. पोरगा लॅपटॉप घेऊन परत यायला तयार असेल, तर त्याला टेकायला ओसरी तरी आपली राहू दे.