गोळीचा आठवा तुकडा

सदतीसावा आठवडा, रक्तदाब १६०/११०, पायांवर सूज. बाळंतपण लांबवणं धोक्याचं. पण तपासावं तर पिशवीचं तोंड बंद आणि नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट. सरकारी प्रसूती कक्षात हे नेहमीचंच. तोंड मऊ झालं नसताना नुसत्या कळा आणून फारसं साधत नाही, आणि मग सिझर ठरतं.

तोंड मऊ करायला मुख्यतः दोन औषधं आहेत. डायनोप्रोस्टोनचं जेल महाग, शिवाय फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. मिसोप्रोस्टॉल ही मूळची अल्सरची गोळी. स्वस्त, फ्रीज लागत नाही. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत उच्च रक्तदाबाच्या ६०२ गर्भवतींवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. निम्म्या जणींना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडावाटे दिली, बाकीच्यांच्या पिशवीच्या तोंडात फोली कॅथेटरचा फुगा ठेवला. चोवीस तासांत सिझरविना मोकळ्या झाल्या गोळीवाल्या ५७ टक्के, फुगेवाल्या ४७ टक्के.

घोडं अडतं ते मात्रेवर. सर्रास मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे लागणाऱ्या मात्रेच्या आठपट. ब्लेडने आठ तुकडे केले, तर कोणत्यात किती औषध गेलं हे कोण सांगणार? जास्त गेलं की कळा एकामागून एक येतात आणि बाळाचे ठोके पडतात. २५ची तयार गोळी आपल्याकडे बनते, पण सगळीकडे हाताशी नसते.

त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. हेच औषध गर्भपातासाठीही वापरतात. २०११च्या जनगणनेत राज्यातलं मुलींचं प्रमाण हजारी ९१३ वरून ८९४ वर आलं, गर्भपाताच्या गोळ्यांवर धाडी पडल्या आणि अनेक औषध दुकानदारांनी या गोळ्या ठेवणंच सोडलं. या गोळ्यांनी गर्भपात करायची मान्यता नऊ आठवड्यांपर्यंतच आहे, आणि तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसत नाही. मुली वाचवण्याच्या नावाखाली बाळंतिणींची अडचण झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही हीच गोळी लागते.

आधी सिझर झालं असेल तर दिवस भरल्यावर हे औषध द्यायचं नसतं. जुना टाका उसवून पिशवी फाटू शकते. त्यामुळे आधीच्या ऑपरेशनचा कागद सोबत आणा, आणि गोळी दिल्यावर ठोके किती वेळाने ऐकणार, हे डॉक्टरांना न लाजता विचारा.