नव्या ध्वनिमुद्रिका

उमरेडच्या आमच्या घरी सध्या एक वाद माजला आहे. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या तरुण वाद्यवृंदाने संतांचे अभंग गिटार व ड्रम यांच्या साथीने गायिले आहेत. वडील मंडळींस तो निव्वळ धांगडधिंगा वाटतो. मुले मात्र दिवसभर तेच लावून बसतात. आमच्या मते शब्द शाबूत आहेत, ठेकाही बुडालेला नाही. पण टाळांच्या घोषात शेजारच्याचा सूर आपल्या सुरात मिसळतो, ते सुख कानांत नळ्या घालून एकट्याने ऐकण्यात कोठून यावे?

दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ची गोष्ट निराळी. त्यांच्या २००० सालच्या 'कंदिसा'त नर्मदामाईचे लोकगीत आहे, तशीच केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांची अरामी भाषेतील प्रार्थनाही. तिचे एक अक्षर न कळता आमच्या काकू माळ हाती धरून स्वस्थ ऐकत राहिल्या! त्यांतील तबलावादक व गायक असीम चक्रवर्ती २००९ साली निवर्तले. २०२३ चा 'तू है' हा संग्रह नेटका खरा, तरी तो भरदार गळा आम्हांस पदोपदी आठवला.

भंडारा-चांद्याकडची दंडार इतक्या निगुतीने मुद्रित केलेली आमच्या ऐकण्यात नाही. कोणा वाचकाजवळ असल्यास अवश्य कळवावे.