जेवणाचा क्रम कोणी ठरवायचा?

जेवणात कोणते पदार्थ असावेत आणि ते कोणत्या क्रमाने खावेत हे जेवणाऱ्याने ठरवायचे की रांधणाऱ्याने, हा तसा जुना प्रश्न गेल्या दहा वर्षांत मुंबईतील काही उपाहारगृहांनी नव्याने पुढे आणला आहे. या उपाहारगृहांत ‘टेस्टिंग मेन्यू’ नावाची पद्धत चालते. तिच्यात पाहुण्यापुढे पदार्थांची यादी ठेवली जात नाही. मुख्य स्वयंपाक्याने, म्हणजे शेफने, त्या हंगामासाठी निवडलेले आठ-दहा किंवा त्याहून अधिक पदार्थ, प्रत्येकी दोन-तीन घासांच्या प्रमाणात, एकामागून एक वाढले जातात आणि त्या सगळ्यांची मिळून एकच किंमत आधीच ठरलेली असते. महालक्ष्मी येथे जुन्या लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात 2016 मध्ये अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी सुरू केलेल्या ‘मास्क’ने ही पद्धत मुंबईत रुजवली, आणि 2022 मध्ये आशियातील पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत भारतातील सर्वोत्तम म्हणून त्याची नोंद झाली. ‘मास्क’च्या पाठोपाठ फोर्टमधील किताब महल इमारतीत शेफ नियती राव यांचे ‘एका’ आले, तर 2024 मध्ये वांद्र्यात शेफ हुसेन शहजाद यांचे ‘पापाज’ सुरू झाले, जिथे एका वेळी फक्त 12 माणसे बसतात.

पदार्थ एकामागून एक वाढण्याची रीत युरोपातही फार प्राचीन नाही. फ्रान्समधील उच्चभ्रू मेजवानीत पूर्वी बहुतेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात असत, आणि एकेक पदार्थ गरम असताना क्रमाने आणण्याची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रशियन उमरावांकडून आली. 1973 मध्ये आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या समीक्षकांनी ‘नूव्हेल क्विझीन’ म्हणजे नव्या पाककलेची सूत्रे मांडली, ज्यांत जड रस्से टाळून पदार्थ हलके ठेवण्यावर आणि बाजारातील ताज्या मालावर भर होता. टेस्टिंग मेन्यूचे आजचे रूप बरेचसे त्या विचारातून घडले. जपानमधील ‘कायसेकी’ ही चहाविधीच्या परंपरेत वाढलेली, ऋतूनुसार बदलणाऱ्या लहान पदार्थांची मालिका त्याला दुसरीकडून येऊन मिळाली. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील ‘एल बुल्ली’मध्ये फेरान आद्रिया यांनी 2011 मध्ये ते उपाहारगृह बंद होईपर्यंत हा प्रकार तीस-चाळीस पदार्थांच्या टोकापर्यंत नेला.

एवढ्या लहान घासांमागे केवळ नखरा नाही, शरीरशास्त्रही आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, एखादा पदार्थ खात गेल्यावर त्याच पदार्थाची गोडी उतरत जाते, पण न खाल्लेल्या पदार्थांची गोडी जवळजवळ तशीच टिकते. या गुणाला चवीपुरती येणारी तृप्ती असे म्हणता येईल. पहिल्या दोन घासांत जो आनंद मिळतो तो दहाव्या घासात मिळत नसल्याने शेफ तिसऱ्या घासालाच पदार्थ बदलतो. मराठी ताटाने हेच काम वेगळ्या रीतीने साधले आहे. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे आणि उजव्या बाजूला भाज्या व आमटी अशी मांडणी असल्यामुळे चवीतील बदल ताटात एकाच वेळी हजर असतो आणि कोणत्या घासाला जवसाची चटणी लावायची व कोणत्या घासाबरोबर कोशिंबीर घ्यायची हे जेवणारा स्वतः ठरवतो. टेस्टिंग मेन्यूत तोच बदल वेळेत विभागलेला असतो आणि त्यावर पाहुण्याची सत्ता नसते. क्रमाचा विचार आपल्याकडेही होताच. सुश्रुतसंहितेत आधी मधुर, मध्ये आंबट व खारट आणि शेवटी उरलेले रस घ्यावेत असे सांगितले आहे, आणि पंगतीतही वरणभाताने सुरुवात व ताकभाताने शेवट हा क्रम ठरलेला असे. मात्र पंगतीच्या क्रमात आग्रहाला जागा होती, म्हणजे आवडलेला पदार्थ पुन्हा मागता येत होता आणि वाढपी तो पुन्हा घेऊन येणे हा यजमानाचा धर्म मानला जात होता. टेस्टिंग मेन्यूत दुसऱ्यांदा वाढण्याची सोय सहसा नसते.

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनच्या वाचकाला माणशी काही हजार रुपये मोजून बारा जणांत बसून जेवणे हा महानगरातला चोचला वाटणे स्वाभाविक आहे. तरीही या व्यवहाराचे अर्थकारण तपासले तर त्याचा सांगाडा गावात ओळखीचाच निघतो. मुकुटबनच्या परिसरात दगडी कोळसा आणि चुनखडी आहे, 2022 पासून तिथे वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना चालतो, आणि जिथे बाहेरगावचे कामगार येतात तिथे खानावळ व डबे आपोआप उभे राहतात. खानावळीतही यादी नसते. आज कोणती भाजी हे चालवणारी बाई ठरवते, किती माणसे जेवणार हे तिला आधी माहीत असते, दर महिन्याचा किंवा ताटाचा ठरलेला असतो, आणि म्हणूनच तिच्याकडे अन्न फारसे वाया जात नाही. टेस्टिंग मेन्यूचे उपाहारगृह आगाऊ नोंदणी घेते, मोजक्याच माणसांचा बाजार करते आणि सर्वांना एकच जेवण देते, ते याच कारणासाठी. निवड काढून घेतल्याशिवाय लहान स्वयंपाकघराला रोज ताजा आणि महागडा माल परवडत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. फरक पडतो तो मनुष्यबळात आणि हेतूत: तिकडे बारा पाहुण्यांमागे जवळजवळ तितकेच हात राबत असतात आणि प्रत्येक पदार्थाबरोबर त्याची कहाणी सांगितली जाते, इकडे एक बाई पंचवीस-तीस जणांचे रांधते आणि पोट भरणे हाच हेतू असतो. या तुलनेतून खानावळीचे अन्न कमी दर्जाचे ठरत नाही. तिच्या कौशल्याला कहाणी सांगणारा कोणी मिळालेला नाही, एवढेच सिद्ध होते.

या पद्धतीचा दुसरा आधार म्हणजे स्थानिक आणि रानातला माल. प्रतीक साधू यांनी ‘मास्क’ सोडल्यानंतर 2023 मध्ये हिमाचल प्रदेशात कसौलीजवळ ‘नार’ हे 16 आसनांचे उपाहारगृह काढले आणि डोंगरी प्रदेशातील पदार्थ हाच त्याचा विषय ठेवला. म्हणजे असे स्वयंपाकघर शहर सोडून मालाच्या जवळ जाऊ शकते. मालाच्या बाबतीत मुकुटबनच्या बाजूचा पैनगंगेकाठचा सागवानी जंगलाचा पट्टाही दरिद्री नाही. चैत्र-वैशाखात मोहफुले आणि चारोळी, पाऊस लागताच तरोट्याची कोवळी पाने, मग काटवल, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते आणि वारुळावर उगवणाऱ्या सात्या, थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची म्हणजे सोल्यांची भाजी, ज्वारीचा हुरडा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला, असा वर्षभराचा क्रम निसर्गानेच लावून ठेवलेला आहे. तेलंगणाच्या सीमेमुळे अंबाडीची भाजी इथे दोन्ही भाषांच्या घरांत शिजते. जंगलातील मालाची ही ओळख सर्वाधिक टिकून आहे ती कोलाम समाजात, जो महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असून ‘पोड’ म्हणवल्या जाणाऱ्या लहान वस्त्यांत राहतो. कोणती पाने कोणत्या पावसानंतर कोवळी असतात, कोणती अळंबी खावी आणि कोणती टाळावी, ही माहिती कोणत्याही पाककला महाविद्यालयात तयार मिळत नाही.

इथेच या प्रकाराची खरी कसोटी आहे. शेफची निवड, घासांची मोजदाद आणि वाढण्याची शिस्त यांबद्दल टेस्टिंग मेन्यूला मान द्यायलाच हवा, कारण एकाच संध्याकाळी दहा चवी एकमेकींना न मारता पुढे आणणे हे अवघड काम आहे आणि लहान जागेतच ते नीट साधते. ज्याला आपल्या ताटातला घास आपणच जुळवायचा आहे, त्याने मात्र तिथे जाऊन पैसे खर्च करू नयेत, कारण तिथे विकत घ्यायचे असते ते आपला क्रम दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचे सुख. आणि रानातला माल, आदिवासींचे ज्ञान व दुर्गम प्रदेशाचे नाव यांच्यावर जेव्हा ताटाची किंमत वाढवली जाते, तेव्हा त्या किमतीचा हिशेब शेवटच्या माणसापर्यंत लागला पाहिजे. असे जेवण जेवणाऱ्या वाचकाने पदार्थाची कहाणी ऐकून झाल्यावर हे कोणी वेचले आणि त्याला काय भाव मिळाला, हे जरूर विचारावे. मुकुटबनच्या बाजूला ज्या बचत गटांना आणि खानावळवाल्या बायांना हंगामाचे पाच-सहा पदार्थ रांधता येतात, त्यांनीही परवडणाऱ्या दरात, नोंदणी घेऊन, आठवड्यातून एकदा असे जेवण वाढून पाहावे. त्यासाठी संगमरवरी मेज लागत नाही. किती माणसे येणार हे आधी कळणे आणि रानातला माल त्याच सकाळी हाती येणे, एवढे पुरते.